पासवर्डची वही कपाटात असू दे

पासवर्ड वहीत लिहून ठेवू का असं कुणी विचारलं की मी सरळ हो म्हणते. समोरचा माणूस जरा चमकतो, कारण त्याला वाटलेलं असतं की ही बाई कॉम्प्युटर शिकवायची म्हणजे आता रागवणार, लेक्चर देणार. मी नाशिकच्या सिडकोत बरीच वर्षं एमएस-सीआयटीचे क्लास घेतले, क्लास बंद झाला पण विद्यार्थी काही बंद झाले नाहीत, त्यांच्या आया, सासरे, सोसायटीचे सेक्रेटरी, मामेभावाच्या दुकानातला अकाउंट बघणारा पोरगा, सगळ्यांच्या कॉम्प्युटरची दुखणी अजून माझ्याच फोनवर येतात, आणि बहुतेक वेळा रात्री नऊनंतर, कारण घरच्या कॉम्प्युटरला हात लावायला वेळ तेव्हाच मिळतो ना.

तर वही. कपाटातली वही चोरायची तर चोराला तुमच्या घरात शिरावं लागेल, कपाट उघडावं लागेल, आणि आमच्या एका विद्यार्थिनीच्या सासूबाईंसारखं अक्षर असेल तर ते लागावंही लागेल. असा चोर आलाच तर तो सोनं नेईल, वही कशाला नेतोय. तुमच्या जीमेलच्या मागे जो लागलाय तो कुठेतरी शेकडो मैल लांब बसलाय, त्याला तुमचं कपाट दिसतच नाही. त्याच्याकडे असतात याद्या. २०१२ मध्ये लिंक्डइनचे पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा आकडा ६५ लाखांचा वाटला होता, आणि २०१६ मध्ये कळलं की ११ कोटी ७० लाख खात्यांचे ईमेल-पासवर्ड विकायला निघालेत. अशा यादीतली जोडी घेऊन ती दुसऱ्या साईटवर लावून बघायची, हे काम मशिन करतं, माणूस झोपलेला असतो. म्हणजे तुम्ही नोकरीच्या साईटवर वापरलेला पासवर्डच ईमेललाही असेल तर लिंक्डइनचं काय झालं हा प्रश्न उरत नाही, तुमच्या ईमेलचं काय होणार हा उरतो.

म्हणून माझा आग्रह एकच असतो, तोच पासवर्ड दोन ठिकाणी नको. आणि वीस ठिकाणी वीस वेगळे पासवर्ड डोक्यात ठेवणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही, म्हणून वही. ज्यांना जमतं त्यांनी बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारा प्रोग्रॅम घ्यावा, ब्राउझरमधलासुद्धा चालतो, आणि त्याचा मुख्य पासवर्ड तेवढा वहीत लिहावा. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना हे समजावत बसण्यापेक्षा दोनशे पानी वही बरी. फक्त मॉनिटरला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी नको, दुकानात किंवा ऑफिसात तर नकोच, तिथे येणारे-जाणारे असतात.

पासवर्ड कसा असावा याबद्दल लोकांच्या डोक्यात जे बसलंय त्याचा उगम मोठा मजेशीर आहे. एक कॅपिटल, एक आकडा, एक ॲट द रेट, आणि दर तीन महिन्यांनी बदला, ही जी शिस्त आपल्याला लावली गेली ती बऱ्यापैकी २००३ मधल्या अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या एका मार्गदर्शिकेतून आली. ती लिहिणारे बिल बर, त्यांनी २०१७ मध्ये स्वतःच सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी एनआयएसटीने नियम बदलले, लांबीवर भर दिला, उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका म्हटलं. आपल्याकडे अजून बदल झालेला नाही ते सोडा. पण तीन महिन्यांनी बदलायला लावलं की माणूस काय करतो, नाशिक ॲट एक, नाशिक ॲट दोन, नाशिक ॲट तीन. गजानन, साईबाबा, मुलीचं नाव आणि जन्मसाल, पुढे ४२२००१ हा नाशिकचा पिनकोड, हे पासवर्ड मी इतके पाहिलेत की काही घरांत मी न विचारता पहिल्या फटक्यात ओळखलेत, आणि मग त्या घरातल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्यापेक्षा चार-पाच असे मराठी शब्द घ्या ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, इंग्रजी अक्षरात ओळीने टाईप करा, झालं. देवाचं नाव, गावाचं नाव, आणि गाण्याची ओळ मात्र नको.

बाय द वे, पासवर्डचा इतिहास सुरू झाला तोच चोरीने. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत एकच मोठा कॉम्प्युटर सगळे वाटून वापरायचे, ज्याला त्याला ठरावीक वेळ, आणि त्यासाठी पासवर्ड. ॲलन शेर नावाच्या संशोधकाला वेळ पुरेना, तर त्याने १९६२ मध्ये पासवर्डची फाईल चक्क प्रिंट करून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर बसला. हॅकिंगबिकिंग काही नाही, प्रिंटआऊट. हे मी क्लासमध्ये सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकायची.

आता माझं खरं म्हणणं सांगते. घरच्या कॉम्प्युटरबद्दल जे काही सांगितलं जातं ते सगळं माणसाला दर वेळी सावध राहा, विचार करा, लक्ष द्या अशा थाटाचं असतं, आणि माणूस काही दर वेळी सावध नसतो. सातपूरच्या कारखान्यातली शिफ्ट करून आलेला, द्वारकाच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलेला माणूस लाईटबिल भरायला बसतो तेव्हा त्याला फक्त ते बिल भरून मोकळं व्हायचं असतं. म्हणून एकदा एखाद्या रविवारी शांतपणे बसायचं आणि अशी व्यवस्था लावून टाकायची की दमलेल्या माणसाने चुकीचं बटण दाबलं तरी फार वाटोळं होऊ नये. बाकी दक्षतेचे फलक लावून काही होत नाही.

पहिलं काम विंडोज खरं आहे का ते बघायचं. इथे बऱ्याच जणांना माझा राग येतो. आपल्याकडे असेंबल केलेला पीसी घ्यायचा म्हणजे एम.जी. रोड, आणि त्या काळात त्यावर विंडोज कुठलं येतंय हे कुणी विचारायचं नाही, ऑफिस, फोटोशॉप, मराठी फॉन्ट सगळं एका डीव्हीडीतून यायचं. आता डीव्हीडी गेली, त्या जागी ॲक्टिव्हेटर आला, म्हणजे चोरीच्या विंडोजला खरं भासवणारा प्रोग्रॅम. ॲक्टिव्हेटर डाऊनलोड केला की पहिली सूचना काय असते बघा, आधी अँटिव्हायरस बंद करा. आणि लोक करतात! ज्याने आपली काळजी घ्यायची त्यालाच बाहेर काढून मग अनोळखी प्रोग्रॅमला ॲडमिनचे सगळे हक्क द्यायचे, आणि वर म्हणायचं, मॅडम काहीच केलं नाही हो, आपोआप स्लो झाला. अशा क्रॅकमधून आजकाल जे येतं ते जुन्या व्हायरससारखं स्क्रीनवर नाचत नाही, गप्प बसतं, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलतं आणि तुम्ही लॉगिन करून ठेवलेली सेशनच्या सेशन घेऊन जातं. सेशन गेलं की ओटीपीचा प्रश्नच येत नाही, कारण साईटला वाटतं हा तोच मघाचा लॉगिन झालेला माणूस. ऑफिस विकत घ्यायला पैसे नसतील तर लिब्रेऑफिस फुकट आहे, पत्र आणि पत्रक दोन्ही त्यात होतं, दहावीच्या पोराचा प्रोजेक्टही होतो.

अँटिव्हायरसचं म्हणाल तर त्याच्याशी आपलं एक भावनिक नातं आहे. पुण्याच्या काटकर बंधूंचं क्विक हील एका काळात घराघरात होतं, नवीन कॉम्प्युटरबरोबर तो डबा घ्यायचाच, हाराबरोबर नारळ तसा. पेन ड्राईव्हचा जमाना होता, सीबीएसजवळ कोर्टापाशी झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राईव्ह लावला की घरी येताना शॉर्टकट व्हायरस बरोबर यायचा, सगळे फोल्डर गायब आणि नुसते शॉर्टकट. पेन ड्राईव्ह लावला की आपोआप काहीतरी सुरू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये जुन्या विंडोजवरूनही काढून टाकली आणि तो प्रकार पुष्कळ कमी झाला. आता विंडोजमध्ये डिफेंडर आयता असतो आणि घरगुती वापराला तो पुरतो असं माझं मत आहे, ज्यांना विकतचा घ्यायचा त्यांनी खुशाल घ्यावा, पण मुदत संपलेला अँटिव्हायरस दोन वर्षं कोपऱ्यात लाल खूण दाखवत पडून राहणं हे सगळ्यात वाईट, कारण घरातल्या सगळ्यांना वाटत असतं की आहे की आपल्याकडे. झेरॉक्सला द्यायची कागदपत्रं मात्र अजूनही मी वेगळ्या रिकाम्या पेन ड्राईव्हवर नेते, आधार-पॅनच्या स्कॅन सकट सगळं आयुष्य त्यात भरून नाही नेत, आणि दुकानातल्या डेस्कटॉपवर कॉपी केलेली फाईल समोर उभं राहून डिलीट करायला लावते. रिसायकल बिनमधूनसुद्धा. तो वैतागतो, वैतागू दे.

अपडेटची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी कारण अपडेट बंद करून देणं ही काही ठिकाणी सेवा म्हणून विकली जाते. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारा अपडेट दिला. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, त्याच भोकातून, कुणी काही क्लिक न करता एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, इंग्लंडातल्या हॉस्पिटलांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. मध्ये जवळपास दोन महिने होते! जूनमध्ये नॉटपेट्या आला, तोही तेच भोक वापरत होता, आणि त्यात मर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली तसं आपल्या जेएनपीटीतलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं. जेएनपीटी म्हणजे निफाड-पिंपळगावची द्राक्षं नि लासलगावचा कांदा कंटेनरमध्ये भरून जिथून बाहेर जातो ते बंदर, तेव्हा युक्रेनमध्ये सुरू झालेली भानगड आपल्या दारापर्यंत कशी येते ते दिसतंच. अपडेटला वेळ लागतो, नेटचा डेटा जातो, मधेच रीस्टार्ट मागतो, सगळं मान्य. सेटिंगमध्ये ॲक्टिव्ह अवर्स म्हणून असतं, तुम्ही ज्या वेळात काम करता ते तास तिथे टाकले की त्या वेळात तो आपणहून रीस्टार्ट करत नाही. बंद करू नका, वेळ लावून द्या.

आणि विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवलं त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सवलत आहे, पुढे काय. अकरा टाकायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि आपल्याकडच्या निम्म्या घरांत त्याहून जुनी मशिनं चांगली चालू आहेत, त्यांचं काही बिघडलेलं नाही. नवीन घ्या म्हणायला काय जातं. आमच्या वहिनींच्या जुन्या डेस्कटॉपवर मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून दिली, त्यांना लागतं काय तर यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, मेल आणि क्वचित एक पत्र. पहिले आठवडाभर कुरकुर केली, स्टार्ट बटणाचा रंग वेगळा आहे म्हणून. आता भाचे आले की त्यांनाच सांगतात, ह्याच्यावर गेम चालत नाही, हात लावू नको.

गेमवरून आठवलं. घरात एकच खातं असतं आणि ते ॲडमिन असतं, त्यावरच बाबांचं बँकेचं काम आणि त्यावरच पोराचे गेमचे मॉड. विंडोजमध्ये दुसरं, साधं खातं काढायला पाच मिनिटं लागतात, सगळ्यांनी रोज त्या साध्या खात्यातच बसायचं, अगदी बाबांनीसुद्धा, आणि ॲडमिनचा पासवर्ड वहीत. बहुतेक काहीही इन्स्टॉल करायचं म्हटलं की पासवर्ड मागतो, म्हणजे उठून कपाटापर्यंत जावं लागतं. तेवढ्या चालण्यात निम्मी खाज जिरते.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, जेलरोडला राहतात, प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की वर्तमानपत्राचा छापखाना कुणाच्या मनात येत नाही, एक नोटांची करन्सी नोट प्रेस आणि एक पासपोर्ट-तिकिटं छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस, आणि तिथली माणसं सुरक्षा या विषयात मुरलेली असतात, आत जाताना झडती, बाहेर येताना झडती, अख्खी नोकरी त्यात गेलेली. या काकांना खोटी नोट लगेच कळते. मी विचारलं कसं हो कळतं, तर म्हणाले खोट्या नोटा किती प्रकारच्या असतात ते शिकत बसायचंच नसतं, खरी हाताला इतकी सवयीची पाहिजे की दुसरं काहीही लागलं की बोट थांबतं. मला ते फार पटलं, कारण बँकेच्या खोट्या साईट ओळखायला शिकवताना मी नेमकं उलटं करायचा मोह टाळते. खोट्या रोज नव्या येतात. खरा पत्ता एकच असतो. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली नेटबँकिंगची साईट डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर न्यायला सांगितलं, हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो, तेव्हा पासबुक घेऊन शाखेत जा, पत्ता विचारून घ्या, स्वतः टाईप करून एकदा उघडा आणि बुकमार्क करून ठेवा. त्यानंतर बँक उघडायची ती त्याच बुकमार्कवरून. मेलमधली लिंक खरी असली तरी नाही, गुगलवर सर्च करून तर नाहीच, कारण वर जे येतं ती बऱ्याचदा जाहिरात असते. कुलुपाचं चिन्ह होतं ना पत्त्याशेजारी, त्यावर लोकांचा फार विश्वास. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत कुणी वाचत नाहीये, पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे असा त्याचा अर्थ कधीच नव्हता, आणि क्रोमने तर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

हेच काका, एवढे मुरलेले, एकदा दुपारी घाबरून फोन करते झाले. स्क्रीनभर लाल, सायरनचा आवाज, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडलाय, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. ते एक वेबपेज असतं हो, नुसतं फुल स्क्रीन केलेलं वेबपेज. एस्केप दाबून धरायचं, नाही गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा, तेही नाही जमलं तर पॉवरचं बटण दाबून धरायचं, कॉम्प्युटरला काही होत नाही. कुठलीच कंपनी स्क्रीनवर सायरन वाजवून फोन नंबर देत नाही. काकांनी फोन लावला नव्हता, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार सायरनचा आवाज प्रेसच्या भोंग्यासारखा नव्हता. आता यावर काय बोलणार.

लावला असता तर पुढे काय झालं असतं ते ठरलेलं आहे. पलीकडचा गोड बोलतो, एक ॲप टाकायला सांगतो, त्यातला आकडा विचारतो, आणि तुमचा स्क्रीन त्याच्याकडे. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही ॲप वाईट नाहीत, मी स्वतः वापरते, वहिनींचा कॉम्प्युटर मी त्यावरूनच बघते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं आणि अजूनही तोच प्रयोग हाऊसफुल्ल चालू आहे. नियम असा करून टाका की फोन तुम्ही लावला असेल किंवा समोरून आला असेल, अनोळखी माणसाला स्क्रीन द्यायचा नाही. मला दिलात तरी मी काम करत असताना समोर बसा, चहा नंतर करा.

मेलमधल्या फाईलबद्दल एकच सेटिंग सांगते. विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट, म्हणजे शेवटचं डॉट पीडीएफ वगैरे, लपवून ठेवतं. मे २००० मध्ये आय लव्ह यू व्हायरस जगभर पसरला तो याच लपवाछपवीवर, प्रेमपत्राची टेक्स्ट फाईल दिसत होती आणि खरं शेपूट व्हीबीएस होतं, म्हणजे प्रोग्रॅम. इतकी वर्षं झाली, अजून बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई येतंच आहे. फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा, एकदाच. फोनवर हेच एपीकेच्या, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणाऱ्या फाईलच्या रूपात येतं, ट्रॅफिक चलान, लग्नपत्रिका, शेतकरी योजनेची यादी. पत्रिका ही पीडीएफ किंवा फोटो असते. एपीके असेल तर लग्न नाहीये.

बॅकअपवर बोलायला लागले की लोक जांभया देतात, पण खंडणी मागणारा व्हायरस आला की फोटो परत मिळवायचा खात्रीचा रस्ता तोच आहे. पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. लोक पहिली दोन करतात आणि बाहेरची विसरतात. नाशकात तरी विसरू नये. गोदावरीला पाणी आलं की आपण आकडे बघत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठपर्यंत बुडाली ते बघतो, आणि २ ऑगस्ट २०१६ ला सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरची कपाटं काही वाचली नाहीत. कॉम्प्युटर आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच टेबलावर असतील तर ती एकच प्रत झाली. आमची एक डिस्क इंदिरानगरला आमच्याकडे आणि एक बहिणीकडे पंचवटीत मखमलाबाद रोडला, दिवाळीला आणि उन्हाळ्यात बदलाबदली होते, फराळाबरोबर. डिस्क कॉपी झाली की काढून ठेवायची, लावलेली राहिली तर कॉम्प्युटरबरोबर तीही लॉक होते.

आणि जुना कॉम्प्युटर विकताना. यावर प्रेसवाले काका माझ्यापेक्षा कडक आहेत आणि त्याला कारण आहे. तेलगीच्या स्टॅम्प पेपर घोटाळ्यात नाशिकच्या प्रेसमधून बाद झालेली मशिनं त्याच्या हाती गेल्याचं प्रकरण या माणसांच्या मनातून जात नाही, बाद केलं म्हणजे निकामी झालं असं नसतं हे त्यांना शिकवावं लागत नाही. भंगारवाल्याला दिलेल्या पीसीमध्ये तुमची हार्ड डिस्क असते, त्यात दहा वर्षांची रिटर्न्स, पॅन, सह्यांचे स्कॅन, आणि क्विक फॉरमॅटने ते पुसलं जात नाही, फक्त यादी पुसली जाते. विंडोज रीसेट करताना ड्राईव्ह क्लीन करा हा पर्याय निवडायचा, वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवायचं. नाहीतर चार स्क्रू खोलून डिस्क काढून घ्या आणि बाकीचा डबा द्या, भंगारात भाव तेवढाच येतो. काकांनी त्यांची डिस्क ड्रिल मशिनने तीन ठिकाणी भोकं पाडून दिली.

राऊटरचं पटकन. केबलवाला मुलगा बसवून जातो तेव्हा वायफायचा पासवर्ड तुमचाच मोबाईल नंबर ठेवून जातो, आणि राऊटरच्या आतलं खातं ॲडमिन-ॲडमिन. दोन्ही बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटने, म्हणजे ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने, असे कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राऊटर लाखोंनी ताब्यात घेतले होते. जिन्यात कॅमेरा लावलेल्या सोसायट्यांनीही जरा बघावं.

ईमेलकडे लोक दुर्लक्ष करतात, बँकेला जपतात. पण बाकी बहुतेक खात्यांचा पासवर्ड विसरलात की नवा कुठे येतो, ईमेलवरच ना. तेव्हा टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, आधी तिथे लावा, जमलं तर कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने उघडणारी पासकी, नाही जमलं तर एसएमएस, एसएमएससुद्धा काही नसण्यापेक्षा कितीतरी बरा. आणि रिकव्हरीचा मोबाईल नंबर कुठला आहे तो बघा. बंद केलेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि बाबांचं जीमेल दहा वर्षांपूर्वी ज्या पोराने काढून दिलं त्याने स्वतःचा नंबर टाकलेला असतो. हे मी एका घरात नाही, घराघरात बघितलंय.

आणि एवढं करूनही जातात पैसे, जातात. गेल्यावर पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा, १९३० ला फोन करायचा, मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, मग बँक, तिन्ही त्याच दिवशी, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात आणि मध्येच गोठवता आले तरच परत येतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे, चूक बँकेचीही नसेल आणि तुमचीही नसेल तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर भुर्दंड नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं, म्हणजे तेव्हाही लवकर सांगण्यातच फायदा. कॉम्प्युटर नेटवरून काढायचा, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशिनवरून, त्याच बाधलेल्या मशिनवरून नाही.

खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक केल्याचं भासवून पैसे काढतात त्या डिजिटल अरेस्ट नावाचं कायद्यात काही नाही हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्येसुद्धा सांगितलं, तरी शिकलेली माणसं व्हिडिओ कॉलसमोर तासन्‌तास बसतात. त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. मूर्ख म्हटलं की पुढचा माणूस सांगत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे पैसे गेले, त्यांनी आठवडाभर घरात कुणाला कळू दिलं नाही, जेवत नव्हते म्हणून सून विचारायला गेली तेव्हा बाहेर आलं. ते मला फोनवर पहिलं वाक्य काय म्हणाले, मॅडम, पोराला सांगू नका. मी म्हटलं पोरानेच फोन लावून दिलाय काका, त्याला माहितीये, तुम्ही आधी पासबुक घेऊन बसा आणि तारीख-वेळ वाचा, मी दुसऱ्या फोनवरून १९३० लावतेय.